बूमरँग वॉकर आणि पावसाचा सी-सॉ

पुण्यात कॉलेज करत असाल तर शिवाजीनगरचं ‘सिमला ऑफिस’ तुम्हाला ठाऊक असणारच. बस तिथे थांबते, रिक्षावाला नाव ऐकल्याबरोबर मान हलवतो. पण हिमालयातल्या शिमल्याचं ऑफिस पुण्यात काय करतंय, हा प्रश्न कधी पडलाय? उत्तर सोपं आहे. देशाच्या हवामान खात्याचं मुख्यालय आधी शिमल्याला होतं. १९२८ मध्ये ते पुण्याला आलं, दगडी इमारतीत बसलं आणि चौकाला ते नाव कायमचं चिकटलं.

आता दुसरा प्रश्न. दरवर्षी एप्रिल उजाडला की मोबाइलवर ‘यंदा एल निनो?’ अशा बातम्या सुरू होतात. पॅसिफिक महासागराचं पाणी कुठे तरी तापलं, म्हणून लातूरच्या सोयाबीनची काळजी आपण का करायची? हे नातं कुणाच्या डोक्यात आलं? तर त्याच शिमल्याच्या ऑफिसात वीस वर्षं बॉस म्हणून बसलेल्या एका गणितवाल्याच्या. नाव गिल्बर्ट थॉमस वॉकर. त्याला सोडवायला दिलेलं गणित त्याला शेवटपर्यंत नीट सुटलं नाही. पण ते सोडवताना त्याला जे सापडलं, त्यावर आज किरिबाती, तुवालू, फिजी असे समुद्राच्या मधोमध वसलेले देश आपल्या पाण्याचा हिशेब मांडतात. ही त्याचीच गोष्ट.

टॉपर, आजारपण आणि बूमरँग

गिल्बर्टचा जन्म १४ जून १८६८ चा, इंग्लंडमधल्या रॉचडेल गावचा. वडील इंजिनीअर. पोरगा गणितात पहिल्यापासून तयार आणि हाताने काहीबाही बनवायचाही नाद. शाळेत असतानाच त्याने स्वतः जायरोस्कोप बनवला होता. पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला आणि १८८९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिला आला. या पहिल्याला ‘सीनियर रँग्लर’ म्हणतात. हा शब्द आपल्याकडे नवा नाही. बरोब्बर दहा वर्षांनी, १८९९ मध्ये, आपल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी हाच मान विभागून मिळवला आणि ते आयुष्यभर ‘रँग्लर परांजपे’ झाले.

या परीक्षेची तयारी म्हणजे आजच्या कुठल्याही एन्ट्रन्सला लाजवेल अशी घासाघीस. वर्षानुवर्षं कोचिंग, पहाटेपासून रात्रीपर्यंत गणितं, आणि निकाल थेट वर्तमानपत्रात. गिल्बर्ट पहिला तर आला, पण १८९० मध्ये त्याची तब्येत पार ढासळली. अतिश्रम, दुसरं काय! टॉपर असणं एकीकडे आणि अंगात त्राण नसणं दुसरीकडे. मग तीन हिवाळे त्याने स्वित्झर्लंडमध्ये काढले. तिथे काय केलं? पुस्तकं बाजूला ठेवून बर्फावर स्केटिंग शिकला आणि त्यात चांगला पारंगत झाला.

परत आल्यावरही त्याचं गणित जरा हटकेच होतं. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचं बूमरँग फेकल्यावर परत का येतं, हे त्याला कळून घ्यायचं होतं. केंब्रिजच्या नदीकाठच्या हिरवळीवर हा माणूस तासन् तास बूमरँग फेकत असे. दोस्तांनी नावच ठेवलं, ‘बूमरँग वॉकर’. पण ती नुसती मजा नव्हती. १८९७ मध्ये त्याने बूमरँगच्या उड्डाणावर रीतसर शोधनिबंध छापला. एका बाजूला फिरवलं की थोडं फिरून आपोआप उलट्या बाजूला फिरू लागणारा एक दगडी भोवरा असतो, त्याचंही गणित त्याने मांडलं. जर्मन भाषेतल्या एका मोठ्या गणित-विश्वकोशासाठी खेळांच्या गणितावर लिहिलं. वीजचुंबकत्वावरच्या कामासाठी त्याला केंब्रिजचं अ‍ॅडम्स पारितोषिकही मिळालं. हवामानाचा मात्र या सगळ्याशी काडीचाही संबंध नव्हता.

जिथे आधीचे दोघे हरले

आता थोडं मागे जाऊ या. १८७६ ते १८७८. दख्खनचा पाऊस रुसला. पुणे, सोलापूर, नगर, सातारा, विजापूर आणि खाली मद्रासपर्यंत दुष्काळ. देशभरात पन्नास लाखांहून जास्त माणसं गेली असा अंदाज आहे. धान्य काही ठिकाणी होतं, पण लोकांच्या हातात पैसा नव्हता आणि सरकारने मदतीत हात आखडला. तरी सरकारला एक प्रश्न छळू लागला: पाऊस येणार नाही हे आधी कळलं असतं तर?

हवामान खातं नुकतंच, १८७५ मध्ये, सुरू झालेलं. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. त्यांनी एक गोष्ट हेरली. हिमालयात हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ जास्त पडला की पुढचा मान्सून कमजोर जातो. यावरून १८८० च्या दशकात त्यांनी पावसाचे हंगामी अंदाज द्यायला सुरुवात केली. त्यांच्यानंतर आलेल्या जॉन एलियट यांनी त्यात आणखी बऱ्याच गोष्टी मिसळल्या. पण १८९९ मध्ये अंदाज साफ फसला आणि पुन्हा भयंकर दुष्काळ पडला. टीकेचा भडिमार झाला. शेवटी काही वर्षं हे अंदाज लोकांना सांगणंच बंद करून फक्त सरकारपुरते गुपचूप ठेवले गेले. विचार करा, अंदाज द्यायचा, पण ज्याच्या शेतावर पाऊस पडणार त्यालाच सांगायचा नाही!

एलियट निवृत्त व्हायला आले तेव्हा त्यांना खात्यात गणित पक्कं असलेला माणूस हवा होता. निवड झाली बूमरँग वॉकरची. जानेवारी १९०४ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, वॉकर हिंदुस्थानच्या वेधशाळांचे महासंचालक झाले. हवामानशास्त्राची डिग्री नाही, अनुभव नाही. समोर आधीच्या दोघांचं अपयश आणि मागे दोन दुष्काळांची मढी. तुम्हाला पहिल्या नोकरीत असला प्रोजेक्ट मिळाला असता तर?

कारकुनांची फौज आणि बेटांवरचे आकडे

वॉकरांनी सरळ कबूल करून टाकलं की पाऊस का पडतो याचं पूर्ण शास्त्र आपल्याला येत नाही, आणि त्या काळी कुणालाच येत नव्हतं. विमानं नव्हती, उपग्रह नव्हते, वर आकाशात काय चाललंय ते कळायची सोयच नव्हती. मग त्यांनी वेगळी वाट धरली. कारण कळत नसेल तर निदान नातं तरी शोधू. जगात कुठे काय घडलं की नंतर भारतात पाऊस कमी-जास्त होतो, हे आकड्यांनाच विचारू.

इथे कामाला आलं कोरिलेशन. बीकॉम, बीएस्सी, इंजिनीअरिंगवाल्यांनो, तुमच्या स्टॅटिस्टिक्सच्या पेपरातलं तेच ते ‘आर’. दोन गोष्टी एकत्र वाढतात का, एक वाढली की दुसरी घटते का, हे उणे एक ते अधिक एक यांच्यामध्ये सांगणारा आकडा. आज एक्सेलमध्ये एक फॉर्म्युला टाकला की झालं. वॉकरांकडे एक्सेल नव्हतं, कॅल्क्युलेटरही नव्हता. त्यांच्याकडे होती भारतीय कारकुनांची फौज. ही माणसं शिमल्यात बसून जगभरच्या ठाण्यांचे हवेच्या दाबाचे, तापमानाचे, पावसाचे जुने आकडे घ्यायची, सरासरी काढायची, वजाबाक्या, गुणाकार, बेरजा करायची. एका जोडीचं झालं की दुसरी. याच ऋतूचं याच ऋतूशी, मग याचं पुढच्या ऋतूशी. असं वर्षानुवर्षं. निबंधांवर नाव साहेबांचं आलं, पण ते ‘कॉम्प्युटर’ म्हणजे पगारावर राबणारी आपलीच माणसं होती हे विसरू नका.

१९०८ च्या सुमारास त्यांनी मान्सूनसाठी एक समीकरण बसवलं. त्यात चार गोष्टी होत्या. एक, हिमालयातला बर्फ. दोन, दक्षिण अमेरिकेतला हवेचा दाब. तीन, मॉरिशसचा दाब. चार, झांझिबारचा पाऊस. शेवटची दोन नावं परत वाचा. मॉरिशस आणि झांझिबार, दोन्ही हिंद महासागरातली बेटं. दख्खनच्या शेतकऱ्याचं भविष्य सांगायला या बेटांवर कुणी तरी रोज दाबमापक बघून वहीत आकडा टिपत होतं. मॉरिशसमध्ये मे महिन्यात दाब जास्त असला तर आपल्याकडे पाऊस कमी, असा त्याचा हिशेब. त्या काळात मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांमध्ये कोकणातून गेलेली मराठी कुटुंबंही राबत होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात.

आता वॉकरांचा मोठेपणा कशात, तर स्वतःच्याच पद्धतीतला धोका त्यांनी ओळखला. समजा तुम्ही शंभर नाती तपासली. त्यातली चार-पाच निव्वळ नशिबाने भारी दिसणारच! तेवढीच उचलून ‘सापडलं’ म्हणून ओरडलात तर ती स्वतःचीच फसवणूक. म्हणून १९१४ मध्ये त्यांनी कसोटीच मांडली: जितकी जास्त नाती तपासाल, तितकं सर्वांत मोठ्या आकड्यावर कमी भाळा. सूर्यावरच्या डागांवरून पाऊस सांगणारे तेव्हा बरेच होते. वॉकरांनी ते नातंही तपासलं, त्यात फारसा दम निघाला नाही. जंगलतोडीमुळे किंवा कालव्यांमुळे देशाचं हवामान कायमचं बदललं का, असाही वाद होता. १९१० मध्ये त्यांनी नोंदी तपासून सांगितलं की तसा पुरावा दिसत नाही. आज डेटा सायन्स शिकणाऱ्या प्रत्येकाला हाच धडा पहिल्या सेमिस्टरला देतात.

मद्रासच्या कारकुनाची वही

फेब्रुवारी १९१३. खात्याच्या कामासाठी वॉकर मद्रासला गेले. तिथे पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपये पगारावर एक कारकून होता. कॉलेजच्या परीक्षेत गणित सोडून बाकी विषयांत नापास, हातात डिग्री नाही. नाव श्रीनिवास रामानुजन. पोर्ट ट्रस्टचे प्रमुख सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी त्याची वही वॉकरांसमोर ठेवली.

वॉकरांचा हा विषय नव्हता. ते उपयोजित गणितवाले, आणि वहीत होतं शुद्ध गणित. पण सीनियर रँग्लरची नजर ती. त्यांनी लगेच मद्रास विद्यापीठाला पत्र घातलं की या मुलाच्या कामाची झेप केंब्रिजच्या फेलोच्या तोडीची दिसते, याला काही वर्षं पोटाची चिंता न करता गणित करू द्या. केंब्रिजहून हार्डींचंही पत्र त्याच सुमारास आलं होतं. विद्यापीठाने नियम वाकवून रामानुजनला महिना ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली, दोन वर्षांसाठी. पुढचा इतिहास तुम्हाला पाठ आहे, सिनेमाही निघालाय. परीक्षेत सर्वांत पहिल्या आलेल्या माणसाने परीक्षेत नापास झालेल्याची शिफारस केली, एवढं मात्र लक्षात ठेवा.

सापडला तो सी-सॉ

भारताचा पाऊस शोधता शोधता वॉकरांची नजर साऱ्या जगावर गेली. बटाव्हिया म्हणजे आजचं जकार्ता, ऑस्ट्रेलियाचं डार्विन, पॅसिफिकमधलं सामोआ, होनोलुलू, चिलीचं सँटियागो. या सगळ्यांचे दाब एकमेकांशी जोडून बघितल्यावर एक विचित्र चित्र दिसू लागलं. पॅसिफिक महासागराच्या बाजूला दाब वाढला की हिंद महासागराच्या बाजूला, आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत, दाब घटायचा. आणि उलटही. बागेतला सी-सॉ असतो ना, एक टोक वर, दुसरं खाली, तसंच. फरक इतकाच की या सी-सॉची फळी हजारो किलोमीटर लांब आणि एक झोका पूर्ण व्हायला काही वर्षं.

याचा थोडा वास आधीही काहींना लागला होता. १८७७ च्या दुष्काळात भारतात आणि ऑस्ट्रेलियात एकाच वेळी दाब चढलेला ब्लॅनफर्ड यांनी बघितला होता. पण आकड्यांनिशी, ऋतूवार, जगाच्या नकाशावर ते मांडलं वॉकरांनी. १९२४ च्या निबंधात त्यांनी नाव दिलं, ‘सदर्न ऑसिलेशन’, मराठीत दक्षिणी दोलन. असे आणखी दोन छोटे सी-सॉ त्यांनी दाखवले, एक उत्तर अटलांटिकवर आणि एक उत्तर पॅसिफिकवर. एका माणसाने एवढं शोधलं, तेही कारकुनांच्या बोटांवर.

१९२४ मध्येच ते निवृत्त झाले, ‘सर’ झाले आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हवामानशास्त्राचे प्राध्यापक झाले. म्हणजे पुण्याचं ऑफिस उभं राहिलं तेव्हा ते इथे नव्हतेच. लंडनमध्येही काम सुरू राहिलं. १९३१ मध्ये त्यांनी डार्विनच्या दाबाच्या नोंदींचा अभ्यास करताना जे गणित वापरलं, ते आज ‘यूल-वॉकर समीकरणं’ म्हणून टाइम सिरीज आणि सिग्नल प्रोसेसिंगच्या पुस्तकांत आहे. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, सिलॅबसमधले ते वॉकर हेच. उरलेल्या वेळात त्यांचा बासरीच्या रचनेवर अभ्यास चालायचा, आणि घारी-गिधाडं पंख न हलवता कशी तरंगतात हेही त्यांना पडलेलं कोडं होतं.

तीस वर्षं कुणी विचारलं नाही

इथे गोष्ट गोड व्हायला हवी होती, पण तसं झालं नाही. वॉकरांची समीकरणं मान्सूनपुढे डळमळू लागली. काही वर्षं जुळलेलं नातं पुढच्या वर्षांत विरून जायचं. बाकीचे शास्त्रज्ञ म्हणू लागले की हे नुसते आकड्यांचे योगायोग आहेत. हवेला असं का वाटावं, सामोआतल्या हवेने शिमल्याचं का ऐकावं, याचं कारण कुठे आहे? वॉकरांकडे ते नव्हतं.

पुढे हवामान खात्याचे प्रमुख झालेले चार्ल्स नॉर्मंड यांनी १९५३ मध्ये एक गमतीशीर पण कडू गोष्ट नोंदवली. सी-सॉ भारताच्या पावसाच्या आधी जेवढा बोलतो, त्यापेक्षा पावसाच्या नंतर जास्त स्पष्ट बोलतो. म्हणजे मान्सूनचा अंदाज बांधायला तो कच्चा, पण मान्सून कसा गेला यावरून पुढे दुसरीकडे काय होणार हे सांगायला तो बरा. ज्या कामासाठी हत्यार घडवलं, त्याच कामाला ते बोथट निघालं!

४ नोव्हेंबर १९५८ ला वॉकर गेले, वयाची नव्वदी ओलांडून. सदर्न ऑसिलेशनला तेव्हा फारसं कुणी विचारत नव्हतं.

पण नेमक्या त्याच वर्षी पुरावा गोळा होत होता. जुलै १९५७ ते डिसेंबर १९५८ हे ‘आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष’ होतं. जगभरचे देश मिळून समुद्र, आकाश, बर्फ मोजत होते, आणि योगायोग असा की त्याच काळात मोठा एल निनो आला होता. पेरूच्या कोळ्यांना हा पाहुणा जुना ओळखीचा. नाताळच्या सुमारास समुद्राचं पाणी तापायचं, मासे गायब व्हायचे, म्हणून त्यांनी त्याला बाळ येशूचं नाव दिलं, एल निनो. पण ते पाणी फक्त पेरूच्या किनाऱ्यावर नव्हे, तर पार मध्य पॅसिफिकपर्यंत तापलंय, हे आता दिसलं.

कॅलिफोर्नियात काम करणारे नॉर्वेजियन शास्त्रज्ञ याकोब ब्यर्कनेस यांनी हे तुकडे जोडले. त्यांच्या हाताला लागलं कॅंटन नावाचं चिमुकलं प्रवाळबेट, जे आज किरिबाती देशात आहे. विषुववृत्ताच्या जवळ, समुद्राच्या ऐन मधे. तिथल्या १९५० पासूनच्या नोंदी सांगत होत्या की पाणी तापलं की पाऊस धो धो, पाणी गार पडलं की कोरडं ठाक.

१९६९ मध्ये ब्यर्कनेस यांनी सगळी कहाणी मांडली. पॅसिफिकवर वारे साधारणपणे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. ते गरम पाणी ढकलून इंडोनेशियाजवळ साठवतात. तिथे हवा वर जाते, दाब कमी, पाऊस भरपूर. पूर्वेला पेरूजवळ खालचं गार पाणी वर येतं, हवा खाली उतरते, दाब जास्त, पाऊस नाही. कधी तरी हे वारे मंदावतात. मग गरम पाणी परत पूर्वेकडे सरकतं, पाऊसही त्याच्यामागे जातो. पूर्वेचा दाब उतरतो, पश्चिमेचा चढतो. वारे आणखी मंदावतात. सी-सॉची फळी हवा, आणि ती हलवणारं पाणी! हवेच्या या पूर्व-पश्चिम चक्राला ब्यर्कनेस यांनी नाव दिलं ‘वॉकर सर्क्युलेशन’. साहेबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

आज बेटांवर काय चाललंय

आता तुम्ही म्हणाल, बरं मग? तर नकाशा उघडा आणि तुवालू शोधा. लवकर सापडणार नाही. नऊ छोट्या बेटांचा देश. नदी नाही, तलाव नाही, धरण तर नाहीच. पिण्याचं पाणी म्हणजे छपरावरून टाकीत उतरलेला पाऊस. २०१० मध्ये ला निना आला, म्हणजे एल निनोच्या उलट, आणि मधल्या पॅसिफिकचा पाऊस आटला. सप्टेंबर २०११ मध्ये तुवालू सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. राजधानी फुनाफुतीत घरटी दिवसाला दोन बादल्या पाणी मिळत होतं. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाने खाऱ्या पाण्याचं गोडं करणारी यंत्रं पाठवली. लातूरला रेल्वेने पाणी आलेलं आपण २०१६ मध्ये बघितलंय, म्हणून ही वेदना आपल्याला समजायला जड नाही. फक्त तुवालूला रेल्वे कुठून येणार?

सी-सॉचं दुसरं टोकही तितकंच दुखरं. १९९७-९८ च्या मोठ्या एल निनोत किरिबातीत पाऊसच पाऊस, आणि इकडे पापुआ न्यू गिनीत दुष्काळ, डोंगरात दंव पडून रताळ्यांचं पीक गेलं. फिजीत ऊस वाळला. तो ऊस पिकवणाऱ्यांत इंग्रजांनी करारावर नेलेल्या भारतीय मजुरांची नातवंडं-पतवंडं होती. मासेसुद्धा या झोक्यावर चालतात. एल निनोत गरम पाणी पूर्वेकडे सरकलं की टूना मासाही त्याच्याबरोबर सरकतो, आणि टूनाच्या परवान्यांवर या देशांची मोठी कमाई अवलंबून असते.

म्हणून आज पॅसिफिकच्या बेटांवरची हवामान खाती वर्षातून ठरावीक वेळी एकत्र बसतात आणि पुढच्या तीन-सहा महिन्यांचा पावसाचा होरा ठरवतात. तो होरा कसा वाचायचा तेही बघा. मागच्या ३० वर्षांचा पाऊस कमीपासून जास्तीपर्यंत रांगेत लावायचा. खालची दहा वर्षं म्हणजे ‘कमी’, मधली दहा ‘नेहमीसारखा’, वरची दहा ‘जास्त’. मग अंदाज असा येतो: कमी पावसाची शक्यता ५० टक्के, नेहमीसारखा ३०, जास्तीचा २०. काहीच माहीत नसतं तर तिन्हीकडे ३३-३३ टक्के असते. पन्नास म्हणजे ‘दुष्काळ पडणारच’ असं नाही, पण टाक्या दुरुस्त करा, पाणी जपून वापरा, असं सांगायला ते पुरेसं आहे. या होऱ्यात पाहिला जाणारा एक जुना भरवशाचा आकडा म्हणजे ताहितीचा दाब आणि डार्विनचा दाब यांतला फरक. वॉकरांचा सी-सॉ, दोन टोकांना दोन दाबमापक.

गंमत बघा. १९९७ मध्ये एवढा मोठा एल निनो आला, सगळ्यांनी भारतात दुष्काळ गृहीत धरला, आणि आपल्याकडे पाऊस सरासरीच्या १०२ टक्के पडला. आपल्या वसंत गोवारीकरांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये १६ घटकांचं मॉडेल आलं, त्यातही वॉकरांचाच वारसा होता. ते बरीच वर्षं चाललं, पण २००२ मध्ये १०१ टक्क्यांचा अंदाज दिला आणि पाऊस झाला ८१ टक्के. मग ते बदलावं लागलं. मान्सून हा खट्याळच. त्याच्यावर हिमालयाचा, हिंद महासागराचा, आणखी कशाकशाचा हात असतो. पॅसिफिकची बेटं मात्र थेट सी-सॉच्या फळीवर बसलेली. झोका सुरू झाला की तो त्यांना लगेच जाणवतो, आणि काही महिने टिकतो. त्यामुळे भारतासाठी घडवलेलं हे हत्यार भारतापेक्षा त्यांच्याकडे जास्त धारदार चालतं.

आणि पुण्याचं काय? एप्रिल २०१० मध्ये दक्षिण आशियातल्या देशांची मान्सूनच्या अंदाजासाठीची पहिली एकत्र बैठक पुण्यात भरली. आपल्याबरोबर त्यात श्रीलंका आणि मालदीवसारखे बेटदेशही असतात. वॉकरांच्या काळात मॉरिशस-झांझिबारच्या बेटांकडून आपण आकडे घेत होतो, आता अंदाज मिळून बनतो.

एक गोष्ट जाता जाता. वॉकरांनी सी-सॉ शोधला तेव्हा त्यांच्या टेबलावर तुवालू नव्हतं. त्यांच्यापुढे होता दख्खनचा दुष्काळ, आणि तो आधी ओळखणं त्यांना शेवटपर्यंत पूर्ण जमलं नाही. पण त्यांनी आणि त्यांच्या कारकुनांनी एकही आकडा सोयीने वळवला नाही. म्हणून चाळीस-पन्नास वर्षांनी दुसऱ्या कुणाला तरी ते आकडे जसेच्या तसे वापरता आले. तेव्हा यंदा अंदाज आला की फक्त ‘पाऊस चांगला’ एवढी हेडलाइन वाचून स्क्रोल करू नका. खालची टक्केवारी बघा, कमी किती, नेहमीसारखा किती, जास्त किती. फुनाफुतीतलं एखादं घर टाकीत किती पाणी शिल्लक ठेवायचं, हे त्याच तीन आकड्यांवरून ठरवत असतं.